ठाणे-नवी मुंबईचे दगड, माती आणि डोंगर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात भूगोल शिकवते. दर वर्षी पावसाळ्याआधी मुलांना घेऊन येऊरच्या वाटेने किंवा खारघरच्या डोंगराच्या पायथ्याने एक फेरी होतेच. त्या रात्रीपासून पालकांचे फोन आणि मेसेज सुरू होतात. प्रश्न बरेचसे तेच असतात, पण चांगले असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

आपल्याकडे जिकडे पाहावं तिकडे काळाच दगड का?

कारण आपण एकाच प्रचंड खडकावर राहतो. त्याचं नाव बसाल्ट. आपण त्याला काळा पाषाण किंवा काळा कातळ म्हणतो. पारसिकचा डोंगर, येऊर, खारघर, माहुली, माळशेज सगळं त्याचंच. घारापुरीची लेणी त्याच्यातच कोरली आहेत. घरातला पाटा-वरवंटा त्याचाच, रुळांखालची खडी त्याचीच आणि तुमच्या इमारतीच्या काँक्रीटमधली खडीही बहुतेक त्याचीच.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबलचक भेगा पडून त्यांतून पातळ लाव्हा बाहेर आला. तो पसरला आणि थिजला. मग त्याच्यावर दुसरा थर आला, तिसरा आला. आज या थरांनी व्यापलेला प्रदेश साधारण ५ लाख चौरस किलोमीटर आहे आणि सह्याद्रीत त्यांची एकूण जाडी काही ठिकाणी २ किलोमीटरच्या आसपास भरते. या सगळ्याला दख्खन ट्रॅप म्हणतात. ट्रॅप हा शब्द ज्या स्वीडिश शब्दावरून आला त्याचा अर्थ पायऱ्या. पावसाळ्यात खारघरच्या डोंगराकडे लांबून बघा: एक उभा कडा, मग हिरवा सपाट टप्पा, परत कडा, परत टप्पा. थरांवर थर चढल्याच्या या पायऱ्या आहेत.

म्हणजे इथे ज्वालामुखी होता? तो पुन्हा फुटेल का?

चित्रातल्यासारखा शंकूच्या आकाराचा, टोकातून धूर काढणारा डोंगर डोळ्यांपुढे आणू नका. आपला लाव्हा मुख्यतः भेगांमधून वाहिला. तो उद्रेक संपून कोट्यवधी वर्षं झाली. तेव्हा भारताचा भूखंड ज्या अतितप्त भागावरून सरकत होता, तो भाग आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे. आपण त्याच्यापासून हजारो किलोमीटर उत्तरेला आलो आहोत. निर्धास्त राहा.

वज्रेश्वरीला गरम पाण्याची कुंडं आहेत. ती ज्वालामुखीमुळेच ना?

नाही. भिवंडी तालुक्यातल्या वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीचं पाणी गरम होतं ते खोलीमुळे. जमिनीत जसजसं खाली जावं तसतसं तापमान वाढतं. पावसाचं पाणी खडकातल्या भेगांतून खोल उतरतं, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगांनी वर येतं. लाव्हा लागत नाही. भेगा पुरेशा खोल असल्या की झालं.

खडक आणि खनिज यांत नेमका फरक काय? पुस्तकातली व्याख्या मुलीच्या डोक्यात बसत नाही.

तिच्यापुढे चिवड्याची वाटी ठेवा. चिवडा म्हणजे खडक. त्यातले पोहे, शेंगदाणे, डाळं, खोबऱ्याचे काप ही खनिजं. प्रत्येक खनिजाची घडण आणि रासायनिक रचना ठरलेली असते. खडक मात्र मिश्रण असतो, आज एक जिन्नस जास्त तर उद्या दुसरा. जेवणातलं मीठ हेही खनिजच आहे. आजवर जगात ६ हजारांच्या आसपास खनिजं ओळखली गेली आहेत, पण रोजच्या खडकांत भेटतात ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

इथे चाणाक्ष मुलं एक प्रश्न हमखास विचारतात: मग आपल्या काळ्या दगडात वेगवेगळे दाणे का दिसत नाहीत? कारण बसाल्ट म्हणजे चिवडा नव्हे, थालीपिठाची भाजणी आहे. जिन्नस सगळे आहेत, फेल्डस्पार आहे, पायरॉक्सीन आहे, लोहाचं मॅग्नेटाइट आहे, पण इतके बारीक की डोळ्याला एकच पीठ दिसतं. लाव्हा जमिनीवर येऊन भराभर थंड झाला, दाणे वाढायला उसंतच मिळाली नाही. ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात सावकाश थंड होतो, म्हणून त्याचे दाणे लांबूनही मोजता येतात. खडीसाखर करताना पाक हळूहळू निवू दिला की खडे मोठे होतात. तोच नियम इथेही.

मॅग्नेटाइट बघायचंय? लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि ओढ्याकाठच्या कोरड्या रेतीतून फिरवा. पिशवीला काळी बारीक भुकटी मिशांसारखी चिकटते. आमच्या वर्गातल्या एका मुलाने अशी अर्धी काडेपेटी भरून आणली होती. कागदावर ओतून खालून चुंबक फिरवला की भुकटी उभी राहून चालायला लागायची. त्या दिवशी पुढचा धडा झालाच नाही, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

मुलाला पायथ्याशी चमकणारा पांढरा खडा सापडला. हिरा आहे का?

हिरा नाही, पण फेकूही नका. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात आणि दगडात पोकळ्या राहतात. पुढे लाखो वर्षं त्या पोकळ्यांतून खनिजं विरघळलेलं पाणी झिरपतं आणि आतल्या भिंतींवर स्फटिक वाढतात. स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट, कॅल्साइट, क्वार्ट्झ ही त्यांतली नेहमीची नावं. पहिली दोन झिओलाइट या कुळातली. महाराष्ट्राच्या खाणींतले झिओलाइट आणि अपोफिलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मानाने मांडलेले आहेत. झिओलाइट या नावाचा अर्थ उकळणारा दगड. १७५६ मध्ये क्रोन्स्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने हे नाव दिलं, कारण तापवल्यावर त्या दगडातलं पाणी फसफसून बाहेर आलं.

घरच्या घरी ओळखायचं तर आधी कठीणपणा बघा. फ्रीडरिश मोस याने १८१२ मध्ये केलेली १ ते १० ची श्रेणी अजून वापरात आहे. नखाचा कठीणपणा साधारण अडीच, लोखंडी चाकूचा आणि काचेचा साडेपाचच्या आसपास, क्वार्ट्झचा ७, हिऱ्याचा १०. खड्याने जुन्या बाटलीच्या काचेवर सहज ओरखडा उठला तर तो बहुधा क्वार्ट्झ. चाकूने खड्यावरच ओरखडा उठला तर कॅल्साइट किंवा झिओलाइट. मग खड्याची थोडी पूड करून तिच्यावर व्हिनेगर टाका. फसफसलं तर कॅल्साइट. हे मोठ्यांनी शेजारी बसूनच करून घ्यावं.

आणि कळकळीची विनंती: येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानात आहे, तिथून दगडही उचलून आणायचा नसतो. फोटो काढा. जमवायचेच असतील तर बांधकामाच्या खडीच्या ढिगात, मालकाला विचारून, खूप काही सापडतं. चालू खाणीत किंवा रुळांवर मुळीच जायचं नाही.

अग्निज, स्तरित, रूपांतरित हे तिन्ही प्रकार इथे बघायला कुठे मिळतील?

डोंगरावर एकच, अग्निज, म्हणजे लाव्हा थिजून झालेला. बाकीचे दोन तुमच्या घरात आहेत. जुन्या चाळीतली शहाबादी फरशी, जिन्यातला कोटा, मोरीतला कडप्पा हे तिन्ही चुनखडक, म्हणजे स्तरित. कधीकाळी पाण्याच्या तळाशी साठलेला गाळ दाबला जाऊन ते झाले. देव्हाऱ्यातला संगमरवर म्हणजे उष्णतेने आणि दाबाने पालटलेला चुनखडक, म्हणून रूपांतरित. आजीची दगडी पाटी कुठे माळ्यावर असेल तर तीही रूपांतरितच.

स्वयंपाकघरात एक गोष्ट नक्की दाखवा. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू पिळलं आणि रात्रभर तसंच राहिलं, तर सकाळी तिथे फिकट डाग दिसतो, घासून जात नाही. तो डाग नसून खाल्लेला दगड आहे. लिंबाच्या आम्लाने चुनखडकाचा वरचा पापुद्रा विरघळवला. ग्रॅनाइटवर असं होत नाही. (दुकानात ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतात, तो शास्त्राच्या भाषेत बहुधा गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. बसाल्टचाच भाऊ, फक्त खोलवर थंड झालेला.)

मुरूम म्हणजे माती की दगड?

मधली अवस्था. मला विचाराल तर आपल्या भागातला सगळ्यांत शिकवणारा पदार्थ. डोंगरात रस्त्यासाठी खोदलेली ताजी बाजू शोधा आणि खालून वर बघत जा. तळाला ठणठणीत काळा कातळ. त्याच्यावर भेगाळलेला, कडा गंजलेला दगड. त्याच्यावर गोल गोल गोटे, ज्यांच्या साली कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या सुटतात. त्याच्यावर पिवळट-तपकिरी मुरूम, हातात दाबला की चुरा होणारा. आणि अगदी वर वीतभर माती, तिच्यात गवताची मुळं. कातळाची माती कशी होते हे एका उभ्या रेषेत वाचता येतं. मी मुलांना प्रत्येक थराला हात लावायला लावते. खालचा गार आणि खरखरीत लागतो, वरचा मऊ. हात लावल्यानंतर विदारण हा शब्द त्यांना पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

विदारण आणि क्षरण एकच ना?

नाही. दगड जागच्या जागी कमकुवत होणं, फुटणं, कुजणं म्हणजे विदारण. तो सुटा झालेला माल पाण्याने, वाऱ्याने वा लाटांनी उचलून नेणं म्हणजे क्षरण, आणि माती वाहून जाते तेव्हा आपण तिला धूप म्हणतो. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं, काळ्या पाषाणाचं. त्याच्या बाहेरच्या भिंतीवरच्या कित्येक मूर्तींचे चेहरे आता पुसट झाले आहेत. जवळपास साडेनऊशे पावसाळ्यांनी केलेलं ते काम आहे, आणि त्यात विदारणही आहे, क्षरणही.

खडक तोच, तर मग विदर्भ-मराठवाड्यात काळी माती आणि आपल्याकडे लाल-तपकिरी का?

हा प्रश्न लातूरहून बदली होऊन ठाण्यात आलेल्या एका पालकांनी विचारला होता, आणि इतका नेमका प्रश्न मला क्वचितच कोणी विचारला आहे.

फरक पावसाचा. ठाण्यात वर्षाला साधारण २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. एवढं पाणी दगडातून झिरपताना कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका धुऊन नेतं. मागे उरतं लोह आणि ॲल्युमिनियम. लोह गंजतं आणि माती लाल होते. ही क्रिया टोकाला गेली की जांभा तयार होतो. माथेरानला चालून आल्यावर बूट लाल होतात ते त्यामुळेच. फ्रान्सिस बुकानन याने केरळात हा दगड विटांसारखा कापून वापरताना पाहिला आणि १८०७ मध्ये विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटेराइट नाव दिलं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरं बांधायला तो आजही तसाच चिऱ्यांच्या रूपात वापरतात.

पठारावर पाऊस कमी. कॅल्शियम-मॅग्नेशियम जमिनीतच राहतं आणि एक विशिष्ट प्रकारची चिकणमाती बनते. ती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हातभर खोल भेगाळते. तीच कापसाची काळी माती.

माती तयार व्हायला किती काळ लागतो?

एक सेंटिमीटर थराला शेकडो वर्षं, कठीण खडकावर त्याहून जास्त. ती वाहून जायला मात्र एक जोराचा पाऊस पुरतो.

कुंडीसाठी माती चांगली आहे की नाही, घरी कसं बघायचं?

सरळ बाजूंची पारदर्शक बाटली घ्या. तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर भांडी घासायची पावडर. झाकण लावून जोरात हलवा आणि खिडकीत ठेवून द्या. मिनिटभरात तळाशी रेती बसते. काही तासांत त्यावर पोयटा बसतो. चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत तरंगत राहते, कारण तिचा कण २ मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागापेक्षाही बारीक असतो. पट्टीने थर मोजा. चिकणमाती फार असेल तर पाणी तुंबून मुळं कुजतील, नुसती रेती असेल तर पाणी टिकणार नाही. वर तरंगणारा काळा पालापाचोळा हा सेंद्रिय भाग. चांगल्या मातीत तो वजनाने थोडाच असतो, पण त्याच्याशिवाय ती नुसती दगडाची भुकटी. चांगल्या मातीचा जवळजवळ निम्मा भाग मोकळी जागा असते, हवा आणि पाणी यांच्यासाठी. म्हणून कुंडीत माती ठोकून भरू नये.

झाडं माती धरून ठेवतात म्हणजे नक्की काय करतात?

सगळे मुळांचंच नाव घेतात, पण पहिलं काम पानं करतात. पावसाचा मोठा थेंब ताशी जवळजवळ ३० किलोमीटरच्या वेगाने आदळतो. उघड्या जमिनीवर तो कण उडवतो. सोसायटीच्या पांढऱ्या भिंतीवर पावसाळ्यात जमिनीपासून हात-दीड हात लाल शिंतोडे उडालेले दिसतात, ती हीच धूप. गवत आणि खाली पडलेला पाचोळा हा मार स्वतःवर घेतात, त्यामुळे बागेतला पाचोळा झाडून जाळणं म्हणजे मातीच्या अंगावरची गोधडी ओढून घेणं. मग मुळं उरलेलं काम करतात. उतारावर लावायला वाळा फार गुणाचा, त्याची मुळं सरळ खाली काही मीटर जातात. येऊरच्या उतारांवर हे काम कारवी करते.

दरडी जुलैमध्येच का कोसळतात?

माळीण, ३० जुलै २०१४. तळीये, २२ जुलै २०२१. इरशाळवाडी, १९ जुलै २०२३ ची रात्र. तिन्ही तारखा जुलैच्या उत्तरार्धातल्या आहेत, आणि इरशाळवाडी तर नवी मुंबईपासून फार दूरही नाही. जूनभर जमीन पाणी पीत राहते. माती आणि मुरूम जड होतात, कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटते. खाली अभेद्य कातळ असतो, पाण्याला पुढे वाट नसते. मग दोन-तीन दिवस मुसळधार झाली की वरचा सगळा थर कातळावरून घसरतो.

यात माणसाचा हात असतो तो पायथा कापण्यात. आमच्या इमारतीमागे एका बांधकाम व्यावसायिकाने उतार सरळ उभा कापला आणि संरक्षक भिंत बांधली. भिंतीतली पाणी निघायची भोकं मात्र दिसायला वाईट दिसतात म्हणून रंगकामाच्या वेळी गिलाव्याने बुजवली. तिसऱ्या जुलैत भिंतीला पोट आलं. सकाळी दूध आणायला उतरले तेव्हा दिसलं, हात लावला तर ओल लागली. आम्ही गाड्या काढल्या आणि दुपारी बारा फूट भिंत झोपली. कोणाला लागलं नाही हे नशीब. म्हणून सांगते, तुमच्या मागे अशी भिंत असेल तर मे महिन्यातच ती भोकं मोकळी आहेत का बघा.

उतारावर नवी भेग, तिरपे झालेले खांब वा झाडं, फुगलेली भिंत, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं किंवा आटणं, यांतलं काहीही दिसलं तर थांबू नका. माणसं बाहेर काढा आणि ११२ ला फोन करा. सामानासाठी परत जाऊ नका.

वाशी-ऐरोलीच्या पुलांवरून जाताना ओहोटीला खाडीचा इतका वास का येतो? सगळं सांडपाणीच आहे का?

सांडपाणी त्यात आहे, ते नाकारून चालणार नाही. पण खाजणाच्या चिखलाला स्वतःचाही वास असतो. बारीक गाळात हवा शिरत नाही. तिथले जिवाणू ऑक्सिजनऐवजी समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडतात. त्याचीच लोहाशी संयुगं होऊन चिखल काळा पडतो. तो लोहही डोंगरातून आलेला. पारसिकचा कातळ मुरूम झाला, मुरूम ओढ्याने वाहिला, उल्हास नदीने आणि नाल्यांनी खाडीत आणून टाकला, तिवरांच्या मुळांनी अडवला. त्याच चिखलावर वाढणारी शेवाळं खायला रोहित पक्षी येतात. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, त्याच्या मुळाशी हा वासाचा चिखलच आहे.

इमारत जागेवर, पण बाहेरचा फूटपाथ दर दोन-तीन वर्षांनी खचतो. काम वाईट होतं का?

कधी कधी होतं. पण नवी मुंबईचा बराच भाग खाजणावर भर घालून उभा आहे, आणि खाडीची चिकणमाती पाण्याने गच्च असते. वर वजन आलं की ते पाणी अतिशय सावकाश, वर्षानुवर्षं पिळून निघतं आणि जमीन बसत जाते. इमारतीचे खांब पायलिंग करून खाली कातळावर टेकवलेले असतात, म्हणून ती हलत नाही. फूटपाथला असा आधार नसतो. गेटपाशी आधी नसलेली एक पायरी तयार होते ती यामुळे.

आपल्या डोंगरांत जीवाश्म सापडतील?

लाव्हात नाही, त्याच्या उष्णतेत काही टिकत नाही. पण दोन उद्रेकांच्या मध्ये हजारो वर्षांची शांतता असायची. तेवढ्यात तळी साठायची, गाळ बसायचा, जीव राहायचे. पुढचा लाव्हा येऊन त्या गाळाला झाकून टाकायचा. मुंबईत वरळीला अशाच थरात इवल्या बेडकांचे जीवाश्म मिळाले आहेत. घाटात कड्याच्या मधोमध विटकरी पट्टा दिसला तर गाडी सुरक्षित जागी थांबवून मुलांना दाखवा. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात तयार झालेली आणि वरच्या लाव्ह्याने भाजून काढलेली ती माती असते.

आणि पनवेलच्या बाजूने जाणार असाल तर थरांचा कल बघा. घाटमाथ्यावर जे थर आडवे पडलेले असतात तेच इथे समुद्राकडे झुकलेले दिसतात. भूगर्भशास्त्रात या वाकाला पनवेल फ्लेक्शर असंच नाव आहे. ज्या गावाला आपण एसटी बदलायला उतरतो, त्याचं नाव सगळ्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या त्या वाकाला मिळालेलं आहे, हे सांगितल्यावर पनवेलची मुलं कशी ताठ बसतात ते मी दर वर्षी बघते.

जमवलेले दगड कसे ठेवायचे?

अंड्यांचा रिकामा ट्रे उत्तम. दगड ब्रशने धुवा, सावलीत वाळवा, कोपऱ्यात पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर क्रमांक घाला. वहीत त्या क्रमांकापुढे जागा, तारीख आणि मुलाला जे वाटलं ते त्याच्या शब्दांत लिहू द्या. कुठून आणला हे लिहिलेलं नसेल तर सुंदर स्फटिकही मुका होतो. नाव चुकलं तरी चालेल, पुढच्या वर्षी तो स्वतःच खोडून बरोबर लिहितो.